मुंगळा टॅप मारत नाही

आमच्या घरात बाथरूममध्ये शिरण्याआधी कमरेत वाकायची पद्धत आहे. ती धाकट्याने सुरू केली. ज्यूदोच्या क्लासमध्ये मॅटवर पाऊल ठेवण्याआधी वाकतात, आणि आमच्या बाथरूमच्या दाराशीही एक मॅट आहे. निळी, कायम ओली, मधोमध बदकाचं चित्र. त्याच्या लेखी मॅट ती मॅट. सकाळी मला क्लिनिकला उशीर होत असतो आणि हा दारात वाकतो, सरळ होतो, नीट जमलं नाही असं वाटून पुन्हा वाकतो, आत जातो आणि दात न घासताच बाहेर येतो. बाहेर येताना परत वाकणं आलंच. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्या पोराचे दात किडणार आहेत, कारण तो बदकाला मान देण्यात गुंतलेला असतो.

वय सहा. घरात त्याला मुंगळा म्हणतात, कारण एकदा चिकटला की निघत नाही. त्याची बहीण नऊ वर्षांची. तिचा पट्टा नारिंगी, याचा अजून पांढरा. हा पांढरा पट्टा तो उशाखाली घेऊन झोपतो आणि धुवायला मागितला तर चोर आल्यासारखा ओरडतो. ज्यूदोत लाथा-बुक्क्या नसतात, फक्त धरायचं, पाडायचं आणि पडलेल्याला दाबून ठेवायचं, हे ऐकून मी दोघांना तिथे घातलं होतं. दात शाबूत राहतील एवढाच माझा हेतू. पहिल्याच महिन्यात थोरलीचा हलणारा दात मॅटवर पडला. सगळा क्लास रांगत दात शोधायला लागला. शेवटी एकाला सापडला, मी हातात घेऊन बघितला, आणि तो आमचा नव्हताच. कुणाचा होता हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

तर असं सगळं मजेत चाललं होतं, आणि एका बुधवारी कोचबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई ठेंगण्या, आवाज हळू, आणि त्यांच्यासमोर मोठमोठे बाप पोट आत घेऊन उभे राहतात.

"डॉक्टर, तुमचा मुलगा टॅप मारत नाही."

टॅप म्हणजे काय, ते मला माहीत होतं. खाली दाबला गेलेला माणूस सुटू शकत नसला, तर त्याने मॅटवर किंवा वरच्याच्या पाठीवर हाताने दोनदा थोपटायचं. वरच्याने ताबडतोब सोडायचं. एवढंच. ना कुणी हसत, ना कुणी चिडवत.

"मग त्यात काय बिघडलं? चिकाटी आहे म्हणायची," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं होतं.

"लालभडक होतो, डोळ्यांत पाणी येतं, तरी हात हलत नाही. समोरच्या मुलाला कळणार कसं, की सोडायला हवं? आज नुसतं दाबणं आहे. पुढे हात पिरगाळायचे डाव येतात. तेव्हा हा असाच पडून राहिला तर हात मोडून घेईल." त्यांनी दाराकडे बघितलं. "शनिवारपर्यंत शिकवा. शनिवारी त्याने टॅप मारला नाही, तर मी त्याला मॅटवर घेणार नाही. आता नाहीच. एखाद-दोन वर्षांनी बघू."

मुंगळा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने पट्ट्याचं एक टोक तोंडात घातलं होतं.

घरी आल्यावर शिकवणी सुरू झाली. थोरलीने त्याला गालिच्यावर पाडलं, मानेखालून हात घातला आणि बसली. मी शेजारी उकिडवी.

"हं, आता मार टॅप."

"नको."

"अरे, सुटता येतंय का तुला?"

"मला सुटायचंच नाहीये. मला इथे आवडतंय," मुंगळा छताकडे बघत म्हणाला. चेहरा टोमॅटो.

आईस्क्रीम कबूल केलं, नको म्हणाला. ओरडून बघितलं, त्याचा उपयोग झाला नाही. मी त्याला क्लिनिकमधली गोष्ट सांगितली. "बघ, माझे पेशंट असतात ना, त्यांना मी आधीच सांगते, दुखलं तर हात वर करा, मी थांबते. ते करतात. मोठमोठी माणसं करतात. जो करत नाही तो शेवटी माझं बोट चावतो."

"चावला की सोडतेस?"

"सोडतेच!"

"मग चावणं बरं," मुंगळा म्हणाला, आणि थोरलीने घाईघाईने हात काढून घेतला. आम्ही सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. फक्त तो टेकत नव्हता.

मग नवरा पुढे सरसावला. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे आपल्याला शिकवता येतं असा त्याचा समज आहे. "हे बघ, टॅप म्हणजे हरणं नाही. टॅप म्हणजे इंडिकेटर. समोरच्याला आपण नुसतं कळवतो."

तेव्हा थोरली शांतपणे म्हणाली, "पण बाबा, आपल्या घरात टॅप मारतं तरी कोण?"

नवऱ्याने गालिच्याची कड सरळ करायला घेतली. कारण आमची गाडी हीच त्याची शिकवायची गाडी आहे. शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकाऊ माणूस खांबावर जायला लागला की मास्तरने दाबायचा. घरची माणसं घेऊन निघालो की नवरा चालवतो, आणि त्या ब्रेकवर पाय असतो माझा. पेट्रोल पंपापाशी डावीकडे वळलं की घर लवकर येतं, हे माझं म्हणणं. सरळ गेलं की लवकर येतं, हे त्याचं. लग्न झाल्यापासून हा वाद चालू आहे. तो सरळ जायला लागला की मी ब्रेक दाबते. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, मागच्या सीटवर पोरं पुढे फेकली जाऊन परत मागे आपटतात, आणि आम्ही दोघं समोर बघत बसून राहतो. एकदा तर मागच्या गाडीतला माणूस उतरून विचारायला आला होता, तुमच्यातलं शिकतंय कोण.

"तो वेगळा विषय आहे," नवरा म्हणाला.

"अगदी वेगळा," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

शनिवार उजाडला. मुंगळ्याने स्वतःच पट्टा बांधला, चुकला, सोडला, परत बांधला. नाश्त्याला काही खाल्लं नाही. गाडीत बसताना एवढंच विचारलं, "मॅटवर घेतलं नाही तर मी बाकावरून बघायला येऊ शकतो का?" या पोराला दुसरं काही नको होतं. खेळणी नको, टीव्ही नको. फक्त घामट वासाच्या त्या हॉलमध्ये कुणीतरी आपल्याला आपटावं, एवढीच त्याची हौस. आणि हात दोनदा हलवायचा नाही म्हणून तो ती घालवून बसणार होता. त्याला उचलून गदागदा हलवावं असं मला वाटत होतं.

क्लास भरला. बाकावर आई-बाप डबे, बाटल्या आणि मोबाईल घेऊन ओळीने बसलेले. कोचबाईंनी मुंगळ्याला पुढे बोलावलं. दोन वेण्यांच्या एका मुलीने त्याला पाडलं आणि दाबलं. तो लाल झाला, जांभळा व्हायला लागला, हात मात्र अंगाशी घट्ट. बाईंनीच मुलीला बाजूला केलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि बाकाकडे बघितलं.

"डॉक्टर, तुम्ही या."

"मी?"

"मुलं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात. तुमच्या मुलीने तुम्हाला धरायचं. तुम्ही टॅप मारायचा. तो बघेल."

मोजे काढावे लागले. एकाला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्या बाकाने बघितलं. मी मॅटच्या कडेला वाकले. थोरली माझ्यासमोर येऊन वाकली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य बघून मला धडकी भरली. पुढच्या क्षणी मी उताणी होते. तिचा एक हात माझ्या मानेखालून, माझा दंड तिच्या काखेत, आणि सगळं वजन छातीवर. आजवर "लवकर आवर, लवकर आवर" म्हणून मी तिला जितकं पिडलं होतं, ते सगळं तिने त्या वजनात घातलं होतं.

आता फक्त हात आपटायचा. त्यासाठीच तर आले होते. पण हात उठेना. का ते सांगते. दारात नवरा उभा होता. हाताची घडी घालून, ओठ दाबून, हसू आवरत. त्या माणसासमोर मी टॅप मारू?

मी पाय झाडले. कुशीवर वळायला गेले. केसांची क्लिप उडाली.

"आई, मार ना," थोरली माझ्या कानात पुटपुटली.

"थांब, सुटतेय मी."

"तू सुटत नाहीयेस. मी चांगलं धरलंय."

"थांब म्हटलं ना!"

कोचबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. "हा मुलगा कुणावर गेलाय हे मला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता कळलं." सगळा बाक खदखदून हसला. मी आणखी जोरात पाय झाडले.

तेवढ्यात धपधप पावलं वाजली आणि मुंगळा माझ्या डोक्याशी येऊन गुडघ्यांवर पडला. त्याने मॅटवर थाड थाड दोनदा हात आपटला. "मारला! टॅप मारला! ताई, सोड तिला!"

"दुसऱ्याने मारलेला चालत नाही," कोचबाई हळूच म्हणाल्या. "ज्याचा त्याने मारायचा."

थोरलीने सोडलं नाही. मुंगळा पालथा झोपला आणि त्याने तोंड माझ्या तोंडाला भिडवलं. जवळून त्याचे डोळे फार मोठे दिसत होते.

"आई, दुखतंय?"

"नाही."

"खोटं. तू लाल झालीयेस. दुखलं तर हात वर करायचा, तूच सांगतेस ना?"

"आधी तू कबूल कर, तूही मारशील."

"आधी तू."

"नाही, आधी तू!"

हे मी बोलले. सहा वर्षांच्या मुलाशी, उताण्या अवस्थेत, चारचौघांत. मग बघितलं तर त्याचा खालचा ओठ थरथरत होता. तो हट्ट करत नव्हता. घाबरला होता. आपली आई अशीच पडून राहणार, कुणी तिला सोडवणार नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. बाकावर बसून त्याच्याकडे बघताना मलाही नेमकं तेच वाटलं होतं.

मी हात उचलला आणि मॅटवर दोनदा आपटला.

थोरली ताबडतोब उठली. छातीवरचं वजन गेलं, हवा आत आली, आणि आश्चर्य म्हणजे मी जिवंत होते. कुणी हसलं नाही. थोरली माझ्यासमोर वाकली, मी तिच्यासमोर वाकले आणि क्लिप शोधायला लागले.

मग मुंगळ्याची पाळी. दोन वेण्यांची मुलगी समोर आली. तिने त्याच्या कॉलरला नुसता हात लावला आणि याने उभ्याउभ्याच स्वतःच्या मांडीवर दोन चापट्या मारल्या.

"अरे, अजून धरलंच नाही तिने," कोचबाई म्हणाल्या. "नीट."

दुसऱ्यांदा मुलीने नीट पाडलं. मुंगळा वळवळला, पाय मारले, मान फिरवली, जेवढं येतं तेवढं सगळं केलं. मग माझ्याकडे बघितलं. मी बाकावर एका पायात मोजा घालून बसले होते. मी फक्त मान हलवली. त्याने हात उचलला आणि मुलीच्या पाठीवर दोनदा ठेवला. आपटला म्हणता येणार नाही, ठेवलाच. मुलीने सोडलं.

"बुधवारी वेळेवर ये," कोचबाई त्याला म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मी दुसरा मोजा डोळ्यांना लावला होता, हे नंतर लक्षात आलं.

घरी जाताना मी मागच्या सीटवर बसले, पोरांच्या मध्ये. नवऱ्याने मागे वळून बघितलं. "पुढे नाही बसत?"

"नाही."

पुढची सीट रिकामी, तिच्यासमोरचा ब्रेक रिकामा. पेट्रोल पंप आला. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सरळ घातली. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला, पण तिथे नुसती सतरंजी होती. मी पाय मागे घेतला.

"बरी आहेस ना?" नवऱ्याने काळजीने विचारलं.

तेवढ्यात मुंगळा सीटबेल्टच्या आतून वाकडा झाला आणि त्याने माझ्या मानेत हात घातला, अगदी ताईने घातला होता तसा. डोकं माझ्या गालाला दाबलं. घामाचा, मॅटचा आणि न घासलेल्या दातांचा वास आला. मान आधीच आखडलेली होती, ती आता सरळ ठणकायला लागली.

"टॅप मार, सोडतो," तो म्हणाला.

मी मारला नाही. पंपावरून सरळ जाणारा रस्ता लांबचाच आहे, हे मी इतकी वर्षं सांगतेय ते अगदी खरं आहे. त्या दिवशी तो आणखी लांब असता तरी मी तक्रार केली नसती.