चौथ्या दिवसाचा भगत

थळच्या त्या अंगणात चपलांनासुद्धा जागा उरली नव्हती. मधोमध सात महिन्यांचा सलिल, तापानं फणफणलेला, अंगभर लाल पुरळ. भागोजी भगतानं त्याच्या पोटाला राख फासली नि ओरडला, "उद्या दुपारच्या आत उतरशील!"

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सलग तिसऱ्यांदा.

"देवमानूस हाय!" लोक म्हणाले.

भागोजीनं आवाज खाली आणला. "ती हडळ परत येनार. सासर-माहेर, दोनी घरांवर तिचा डोळा. पुढल्या टायमाला तापलेला इळा पोटाला लावाय लागंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोट त्यांचं नव्हतं.

सलिलची आई मानसी लसीकरणाला गेली, तेव्हा तिनं डॉ. मृणालना सगळं सांगितलं. घरच्या कॅलेंडरवर समुद्राच्या भरतीच्या वेळांशेजारी तिनं तापाच्या तारखा लिहिल्या होत्या. त्याचा फोटो पुढे केला.

"भगत कितव्या दिवशी येतो?"

"चौथ्या. तीन दिवस देव रागात असतो म्हनं."

"आणि ताप उतरतो पाचव्या दिवशी. पहिल्या वेळी?"

"तवा दुसऱ्याच दिवशी बोलावलेला. तरी पाचव्यालाच उतरला. म्हनाला, कुनाची सावली पडली."

"सावली कसली! त्यानं दिवस मोजले. हा ताप दर महिन्या-सव्वा महिन्यानं येतो नि आपोआप जातो. तुमचं नि नवऱ्याचं आधीचं नातं?"

"सासू माजी सख्खी आत्या."

"मग हा आजार दोन्ही घरांतून आलेला असू शकतो, पुढचा ताप आला की थेट मुंबईला न्या," म्हणत डॉक्टरांनी तिथल्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली.

पुढचा ताप आला. सासू बायजानं स्वतः चुलीशी विळा आणून ठेवला. मानसीनं तो पाहिला, पोर उचललं, मांडव्याची बोट धरली नि मुंबईचं रुग्णालय गाठलं. तिथं पाचव्या दिवशी ताप गेला. ना राख, ना भगत. मागाहून जनुकांच्या तपासणीत कळलं, की आई-बाप दोघांकडून एकाच जनुकाची बिघडलेली प्रत आली होती. जंतू नसतानाही शरीर स्वतःच दाह पेटवतं. आजार दुर्मिळ, जन्माचा. पण इंजेक्शनांनी आवरता येणारा.

"मीच हितनं उतरवला!" भागोजी अंगणात गरजला.

"हितनं उतरतो, तर इळा कशाला रं पायजे होता?" बायजानं विचारलं.

लोक हसले. बायजा हसली नाही.

"माजंबी लगीन आत्याच्याच घरात. थोरली पोर अशीच तापायची. चार डाग दिले तिला, तरी गेली. ताप कवा आला, कवा गेला, कोनी लिवलंच न्हाय."

ताप उतरला की उतरवणारा शोधू नका. तो पुन्हा पुन्हा का येतो, ते विचारा. तारखा लिहा, डॉक्टरांना दाखवा. आणि भगतासाठी थांबू नका. प्रत्येक मुलाला पाचवा दिवस मिळतोच असं नाही.