दारोदार थांबणारं खेचर

बाबांचा पाय मुरगळला आणि माझं नशीब उघडलं. डोंगर बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना कड्यावरून पुढच्या गावी न्यायचं काम आमच्याकडे घरटी पाळीनं येतं. त्या दिवशी पाळी आमची होती आणि घरात चालती-बोलती मी एकटीच!

गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष शिफेराव, आम्हा सगळ्यांचे 'गाशे' म्हणजे काका, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नववीतली पोर? बरं, बघू. पण दुपारच्या जेवणाच्या वेळेला पाहुणा पोचला नाही, तर हंगामभर तुमची पाळी दुसऱ्याला देईन."

"आधीच पोचवते, गाशे!"

बोलायला काय जातंय!

पाहुणा हेल्गे, नॉर्वेचा, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. खेचराचं नाव बोरा. ते आम्ही नुकतंच अब्बा तेकलेंकडून घेतलेलं. अब्बा आमच्या चर्चचे पुजारी. जन्मभर याच खेचरावरून घरोघर आशीर्वाद देत फिरले. यात काही घोटाळा असेल, असं मला कुठून सुचणार?

पहिलं घर आलं आणि बोरा थांबला. मी ओढलं, ढकललं, हेल्गेनंही खाली उतरून ढकललं. खेचर ढिम्म!

अस्कालेचमावशी बाहेर आली. "वुबे, पाहुणा दारात आणि तू खेचर ढकलतेस? आईनं हेच शिकवलं का?"

"मावशी, उशीर होतोय गं!"

"मग चालव की."

चाललं असतं तर ना!

तिनं हेल्गेला बसवलं, इंजेराचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या घावनाचा, भलामोठा घास स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात कोंबला. वर कॉफी. आणि आमच्याकडे तिसरा कप झाल्याशिवाय कुणी उठत नाही.

"हे कार्यक्रमात आहे?" हेल्गेनं भरल्या तोंडानं विचारलं.

"आहे तर! फार महत्त्वाचं आहे!" मी ठोकून दिलं.

बाहेर बोरा अजून तसाच, दाराकडे तोंड करून उभा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी काठी उंच धरली आणि अब्बांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "देव तुमचं घरदार वाढवो!"

बोरा निघाला! आणि पुढच्या दारात पुन्हा थांबला. मग त्याच्या पुढच्याही. कुठे मध, कुठे टोपली, कुठे घरची बीअर. हेल्गे विकत घेत होता, खात होता, घाम पुसत होता.

पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाशे आमच्या आधीच येऊन मुक्कामाच्या फाटकात उभे.

"जेवण गार झालं. पाळी गेली तुमची."

हेल्गे पोट धरून म्हणाला, "जेवण? नको, कृपा करा!"

तेवढ्यात मागून वाटेवरच्या बायका धापा टाकत आल्या.

अस्कालेचमावशी कडाडली, "गाशे, आजवर आम्हाला पाहुण्यांच्या नुसत्या पाठी दिसल्या. आज आमचा मध खपला, टोपल्या खपल्या. पाळी काढाल तर खबरदार!"

"आणि माझ्या दारात का नाही थांबलं हे?" येशीकाकू बोराच्या तोंडासमोर उभी राहिली. "मी काय देवाची नावडती?"

"तुझं अब्बांशी भांडण होतं ना! बोराला तुझं दार माहीतच नाही," मावशी म्हणाली.

बायका खो-खो हसल्या. गाशेंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"ठीक आहे. पाळी वुबेचीच. यापुढे पहाटे निघायचं, आणि इथलं जेवण बंद. वाटेतच होतंय ना!"

मी आनंदानं किंचाळले. येशीकाकूनं मात्र ओटीतून जवाची मूठ काढली होती. बोराला एकेक दाणा दाखवत, उलटं चालत, ती त्याला आपल्या घराकडे न्यायला लागली.

"काकू, हेल्गेचं सामान आहे त्यावर!"

"मग त्यालाही घेऊन ये," ती म्हणाली. "कॉफी टाकते."