गंधारचा ट्रॅक्टर

भंगारवाल्याचा टेम्पो आवाराच्या फाटकाशी, बेड्यापाशी येऊन थांबला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि सड्यावरचं, कातळाच्या माळावरचं गवत पिवळं पडलं होतं. कमलाताईंनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. काजूच्या झाडाखाली, फाटक्या ताडपत्रीखाली तो लहान ट्रॅक्टर तीन पावसाळे पडून होता. कपडे वाळत घालायला गेलं की तो दिसायचा, म्हणून त्यांनी दोरी दुसरीकडे बांधली. तिथूनही तो दिसायचाच.

भंगारवाल्याच्या माणसांनी ताडपत्री ओढली, आणि पडवीत बसलेले दत्तात्रेय आठल्ये अनवाणीच समोरच्या अंगणात, खळ्यात उतरले.

"द्यायचा नाही," ते म्हणाले.

"अहो, मग करायचं काय त्याचं?" कमलाताईंनी विचारलं.

"दुरुस्त करायचाय."

भंगारवाला एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. मग टेम्पो वळवून निघून गेला. कमलाताई आत गेल्या. नवऱ्याशी वाद घालायची त्यांची सवय गेली त्यालाही तीन वर्षं झाली होती.

तो ट्रॅक्टर त्यांच्या मुलाने, गंधारने आणला होता. पुण्यातली नोकरी सोडून तो बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आपल्या गावी, नाट्याला परत आला, तेव्हा गावातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. हापूसची कलमं म्हातारी झालेली, कामाला माणूस मिळत नाही, फवारणीचे पाइप डोक्यावरून वाहायचे. गंधारने संगमेश्वराकडच्या एका गृहस्थाकडून हा जुना ट्रॅक्टर शोधून काढला. कलमांच्या फांद्यांखालून सहज जाईल असा बुटका, पण अंगाने दणकट, दोन सिलिंडरचा. मागे ट्रॉली, ट्रॉलीत पाण्याची टाकी आणि फवारणीचा पंप. दोन हंगाम त्याने सगळी बाग त्यावर सांभाळली.

तिसऱ्या हंगामात, मोहोर फुटत असताना, एका दुपारी वरच्या कलमांपाशी हौदावर भरलेली टाकी घेऊन उतरताना ट्रॅक्टर उलटला आणि गंधार त्याखाली सापडला. खालच्या वाडीतून माणसं धावत आली. उपयोग झाला नाही.

सूनबाई, सावनी, वर्षश्राद्धापर्यंत राहिली. मग मुलीला, सानवीला घेऊन दापोलीजवळ मुरुडला माहेरी गेली आणि तिथल्या शाळेत नोकरीला लागली. भांडण झालं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. पण सुट्टीला येते म्हणालेली सावनी कधी आली नाही.

ब्रेक लागला नाही म्हणून ट्रॅक्टर उलटला, असं दत्तात्रेयांनी पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला सांगितलं होतं, भेटायला येणाऱ्यांना सांगितलं होतं, सावनीला सांगितलं होतं. कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला कसं कळलं. संगमेश्वराच्या त्या माणसाने खराब ब्रेकचा ट्रॅक्टर गळ्यात मारला, हे घरात ठरून गेलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना कमलाताई हात जोडायच्या आणि मनातल्या मनात त्या माणसाला शाप द्यायच्या.

आणि आता भंगारवाला तो लोखंडाचा ढीग घेऊन जाणार म्हटल्यावर दत्तात्रेयांच्या लक्षात आलं, ते ब्रेक त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते.

विनोद शिवगणचं गॅरेज बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याचं मुख्य काम होड्यांच्या इंजिनांचं. पण डिझेलवर चालणारं काहीही तो उघडतो. तो आला, ट्रॅक्टरभोवती फिरला, आडवा होऊन खाली शिरला, आणि बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "काका, स्पष्ट बोलू?"

"बोल."

"इंजिन जाम आहे. पुढचा अ‍ॅक्सल वाकलाय, स्टिअरिंगचा दांडा वाकलाय. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. टाकीत गंज आहे. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय कळणार नाही. एवढं करण्यापेक्षा..." तो थांबला. हा ट्रॅक्टर कुठला, हे नाट्यात सगळ्यांनाच माहीत होतं. "एवढं करण्यापेक्षा नवा घ्यावा माणसाने. हा सुरू होईल, पण हौस म्हणून."

"हौस म्हणूनच कर," दत्तात्रेय म्हणाले. "पण इथंच कर. गॅरेजला न्यायचा नाही."

विनोदने मान डोलावली. घराच्या बाजूला आंब्याच्या पेट्या ठेवायची पत्र्याची शेड होती, तिथं ट्रॅक्टर न्यायचं ठरलं. विनोदने चाकांत हवा भरली, मग सीटखाली हात घालून गिअरचा दांडा हलवून पाहिला.

"बरं झालं, न्यूट्रलमध्येच अडकलाय," तो म्हणाला. "नाहीतर ढकलता आला नसता."

दोघांनी मिळून तो ढकलत शेडमध्ये नेला. ते शब्द तेव्हा दत्तात्रेयांच्या कानावरून नुसतेच गेले.

पहिलं काम त्यांनी सांगितलं ते ब्रेकचं. विनोद म्हणाला, आधी इंजिन मोकळं होतंय का बघू, ते नाही झालं तर बाकी सगळं फुकट. दत्तात्रेय म्हणाले, नाही, आधी ब्रेक. विनोदने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

मागच्या चाकाचे नट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल सोडून, ठोकून, पुन्हा रॉकेल सोडून शेवटी ते निघाले. ड्रम उतरला. आत लाल गंजाची पावडर होती. विनोदने फुंकर मारली, फडक्याने पुसलं आणि ब्रेकच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग दुसरं चाक उघडलं. पॅडलपासून चाकापर्यंत जाणारा रॉड तपासला, त्याच्या पिना तपासल्या. बराच वेळ तो खाली वाकूनच होता.

"काय?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"ब्रेक चांगले आहेत, काका."

"नीट बघ."

"बघितले. लायनर जवळजवळ नवे आहेत. गंधारनेच बदललेले असणार. रॉड जागेवर आहे, दोन्ही बाजूला सारखा बांधलाय. पॅडल दाबलं असेल तर ब्रेक लागला असणार."

"मग उलटला कसा?"

विनोद हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिला. त्याला बोलायचं नव्हतं, पण समोरचा माणूस उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही हेही दिसत होतं. "मागे भरलेली टाकी होती," तो म्हणाला. "गिअरमध्ये असता तर उतारावर इंजिनाने धरून ठेवला असता. मोकळा सोडला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक लागतो, ट्रॅक्टर थांबायला बघतो, आणि मागची ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते."

दत्तात्रेय शेडबाहेर आले. आवाराच्या दगडी गडग्यावर हात टेकून उभे राहिले.

सोळा वर्षांच्या गंधारला त्यांनी स्वतः स्कूटर शिकवली होती. पुढे जीप शिकवली. राजापूरहून येताना, उतार लागला की ते म्हणायचे, "कर न्यूट्रल. सोड मोकळी. उतार देवाने फुकट दिलाय, त्यावर कशाला डिझेल जाळायचं?" जन्मभर त्यांनी प्रत्येक गाडी प्रत्येक उतारावर अशीच सोडली होती. गंधार हसायचा, पण करायचा तसंच. ट्रॅक्टर आणल्यावरही एकदा त्यांनी बेड्यापाशी उभं राहून पाहिलं होतं. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला आणि ट्रॅक्टर घरंगळत, नुसत्या चाकांच्या आवाजाने खळ्यापर्यंत आला. त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं. पोरगा काटकसरी आहे, असं त्यांनी कमलाताईंना सांगितलंही होतं.

मग त्यांच्या मनात आलं, त्या दिवशी माणसांनी ट्रॅक्टर उचलला, बाजूला केला. कुणीतरी तेव्हाच दांडा सरकवला असेल. ढकलायचा तर न्यूट्रल करावाच लागतो. या विचारासरशी त्यांना इतकं हलकं वाटलं की चपला घालून ते तसेच खालच्या वाडीकडे निघाले.

महिपत भुवड त्या दिवशी सगळ्यात आधी पोचला होता. भात झोडून झालं होतं आणि तो अंगणात पेंढ्याची उडवी रचत होता. दत्तात्रेयांना उन्हात चालत आलेलं पाहून तो खाली उतरला, बायकोला, सगुणाला, पाणी आणायला सांगितलं.

"महिपत, एक विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही ट्रॅक्टर उचललात, तेव्हा गिअरला कुणी हात लावला होता का?"

महिपतला प्रश्न कळला नाही. "कशाला, दादा?"

"न्यूट्रल केला होता का कुणी? ढकलायला म्हणून. आठवून सांग. तो न्यूट्रलमध्ये सापडलाय."

सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. महिपतने दत्तात्रेयांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गिअर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. जन्मात तो एसटीखेरीज कशात बसला नव्हता. पण या माणसाला काय ऐकायचंय, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"व्हय दादा," तो म्हणाला. "मीच केला."

"तू?"

"मीच. ढकलायला नको व्हता? तो लाल मुठीचा दांडा, तो मी खाली ओढला."

लाल मुठीचा दांडा स्टिअरिंगखाली होता. तो इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा. गिअर सीटखाली, काळा.

"बरं झालं सांगितलंस," दत्तात्रेय म्हणाले. त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, सगुणाकडे तिच्या मुलीची चौकशी केली, आणि घाटी चढून घरी आले. महिपत बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होता.

त्यानंतर त्यांनी काम थांबवलं असतं तर विनोदला नवल वाटलं नसतं. पण दत्तात्रेय रोज सकाळी शेडमध्ये येऊन बसत. विनोदला सवड असेल तेव्हा तो येई. सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं होतं, ते मुरून एक दिवस पिस्टन हलला. रिंगा बदलल्या, अ‍ॅक्सल राजापूरला नेऊन सरळ करून आणला, नवं वायरिंग टाकलं. का करतोय हे दोघांपैकी कुणी विचारत नव्हतं. एकदा सुरू केलेलं काम होतं. दत्तात्रेय पॉलिश पेपरने गंज घासत. त्यांच्या बोटांची सालं निघाली तरी ते घासत. कमलाताई चहा शेडच्या दारात ठेवून मागे न बघता जात.

मोहोराचा पहिला वास सुटला त्या सुमाराला, दुपारी जेवायच्या आधी, इंजिन सुरू झालं. आधी नुसता खोकला, काळा धूर, आणि मग तो दोन सिलिंडरचा एकसारखा ठोका. विनोदच्या तोंडावर नकळत हसू आलं.

आणि मागच्या दारात कमलाताई आल्या. त्यांच्या हातात ताट होतं. गंधार वरून निघाला की हा आवाज घरापर्यंत यायचा आणि त्या पान वाढायला घ्यायच्या. ही दोन हंगामांची सवय हातांना होती. हातांनी ताट घेतलं, पायांनी दार गाठलं, आणि मग त्यांना समोर कोण उभं आहे ते दिसलं. ताट छातीशी धरून त्या दाराच्या पायरीवर खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्या आवाजाकडे बघत बसल्या.

"बंद कर," दत्तात्रेय विनोदला म्हणाले.

त्या संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, कमलाताई नेहमीप्रमाणे हात जोडून उभ्या राहिल्या तेव्हा दत्तात्रेयांना सहन झालं नाही.

"त्या संगमेश्वरच्या माणसाला बोलू नकोस," ते म्हणाले. "ब्रेक चांगले होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. न्यूट्रलचं, जीपचं, फुकटच्या उताराचं. महिपत खोटं बोलला तेही.

कमलाताईंनी हात खाली केले. "हे मला कशाला सांगितलंत?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला एक माणूस होता, अनोळखी. त्याला शिव्या देऊन मी दिवस काढत होते. आता तुमच्याच ताटात मी भात वाढायचा, आणि बोलायचं कुणाला?"

"मला बोल."

"तुम्हाला बोलून काय होणार?" त्या म्हणाल्या. मग दिव्याची वात सारत म्हणाल्या, "सावनीला सांगू नका. तिला तरी राहू दे तो माणूस."

ट्रॅक्टर एका रोपवाटिकेच्या मालकाने विकत नेला. त्याला तो फार आवडला. "जुना आहे, पण कुणीतरी मन लावून केलेला दिसतोय," असं म्हणाला. दत्तात्रेयांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं की उतारावर गिअर काढायचा नाही, कधीच नाही. तो जरा कंटाळून हो हो म्हणाला.

त्या वर्षीची फवारणी झाली नाही. मोहोर निम्मा करपला. राहिलेल्या मोहोरासकट बाग दुसऱ्याला कराराने देऊन टाकली.

माघात कमलाताई सानवीला बघायला म्हणून मुरुडला गेल्या. जाताना त्यांनी डाळीचे, मसाल्याचे डबे भरून, सगळं कुठं काय आहे ते सांगितलं. चार दिवसांचे आठ झाले. मग एके दिवशी सावनीचाच फोन आला. मुरुडला गेल्यापासून पहिल्यांदा तिने आपणहून फोन केला होता.

"बाबा, आईंना इथं बरं वाटतंय. सानवीही त्यांना सोडत नाही. राहू देत का थोडे दिवस?"

"राहू दे," दत्तात्रेय म्हणाले.

"तुम्ही पण या ना."

तिचा आवाज खरा होता. तिला काही माहीत नव्हतं म्हणून तो खरा होता, हे त्यांना कळत होतं. जाऊन तिच्यासमोर बसायचं, तिने वाढलेलं जेवायचं, सानवीला मांडीवर घ्यायचं, आणि गप्प राहायचं. ते त्यांना जमणार नव्हतं.

"बघू," ते म्हणाले. "इथं कुणीतरी पाहिजे ना."

फोन ठेवून ते पडवीत येऊन बसले. कराराने बाग घेतलेल्याची माणसं वरच्या कलमांत काम करत होती. त्यांतल्या कुणाला ते ओळखत नव्हते. संध्याकाळी ती माणसं बेडं लावून निघून गेली. जाताना एकाने हात वर केला, म्हणून दत्तात्रेयांनीही केला.