घडीवर कापलेली पेटी

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलेल्याला नुसता आवाज पोचतो, गोष्ट वाटेतच सांडते. आज कात्रीकाकूंची गोष्ट सांगायची आहे. एका वर्षात नऊ विद्या शिकायला निघालेल्या, आणि ज्यांच्यापुढे साडेआठ विद्यांनी हात टेकले, अशा बाईची.

काकूंनी छत्तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कागदी नमुने कापले. खाकी कागद, निळा खडू, गळ्यात टेप. कारखान्यात त्यांचा एकच कायदा होता: आधी कागद, मग कापड. कागदावर जमल्याशिवाय कापडाला कात्री लावणाऱ्याची त्या अशी हजेरी घेत की तो माणूस पुढे भाजी चिरतानासुद्धा दोनदा विचार करी. निवृत्त झाल्या आणि दोन खोल्यांच्या घरात, कापायच्या लांबलचक टेबलासह, एकट्या राहू लागल्या.

आणि एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मोडलं काहीच नाही, देवाची कृपा. पण उठता येईना. सकाळी सातला पडल्या त्या संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच. खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं तेव्हा कुठे दार ठोठावलं गेलं.

लेक चार तासांच्या गावाहून धावत आली. ही लेक लिफ्ट तपासणारी. इमारतीत शिरली की माणसांआधी तिला तारा आणि कप्प्या दिसतात.

"आई, दहा तास तू पडून होतीस. त्या दहा तासांत तुझी आठवण कुणाला झाली?"

"नळाला झाली की."

"थट्टा नको. मी खोली रिकामी केली आहे. चल माझ्याकडे."

काकूंचा लेकीवर जीव होता, पण हे घर, हे टेबल, खिडकीतून दिसणारा हा वाकडा रस्ता सोडायचा म्हणजे त्यांना स्वतःचीच उसवण वाटली. शेवटी बरीच ओढाताण होऊन ठरलं: एक वर्ष. वर्षाने लेक येईल आणि तोच प्रश्न पुन्हा विचारील. उत्तर नसेल तर सामान बांधायचं.

आता गंमत बघा. प्रश्न होता आठवणीचा, आणि काकूंनी तो ऐकला कर्तबगारीचा. 'मी रिकामी बसलेली नाही, हे दाखवलं की झालं,' असं ठरवून त्यांनी खाकी कागदाची नवी गुंडाळी आणली आणि विद्यांची यादी केली. गुरूची गरज नाही, आपलं आपण शिकायचं. अर्थात आधी कागदावर.

पोहायला त्या टेबलावर शिकल्या. खडूने हातांच्या रेषा आखल्या, पालथ्या पडल्या आणि महिनाभर टेबलाची ही कड ते ती कड पोहल्या. मग तलावावर गेल्या आणि दगडासारख्या तळाला बसल्या. तिथली शिकवणारी मुलगी त्यांना वर ओढून म्हणाली, "काकू, टेबलावर तुम्ही पट्टीच्या आहात म्हणता, मग टेबल घेऊनच या ना, निदान धरून तरंगाल!" सायकलसाठी त्यांनी पुठ्ठ्याचे पायडल कापून खुर्चीखाली ठेवले. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा हात जोडून म्हणाला, "तोल कागदावर काढता येत नाही हो, काकू. पडावं लागतं." बुद्धिबळाची मोहरी कागदाची; वाचनालयात ग्रंथपालांशी डाव मांडला, त्यांनी पंखा लावला आणि काकूंचा राजा उडून वर्तमानपत्रांच्या खणात जाऊन पडला. काकूंनी डाव सोडला नाही. "राजा दौऱ्यावर गेलाय," म्हणाल्या, "येईपर्यंत थांबू." ह्या तिघांकडे त्या दर आठवड्याला ठरल्या वारी जातच राहिल्या. बाकीच्या विद्यांचं नाव काढत नाही, त्यांनाही अब्रू आहे.

शेवटचे चार महिने त्यांनी पेटीला दिले. आठवड्याच्या प्रार्थनेला त्या कधी चुकत नसत. तिथले पेटीवाले आजोबा आता बोटं आखडल्यामुळे अर्ध्या गाण्यात थांबून श्वास घेत. काकूंच्या मनाने घेतलं, आपण वाजवायचं. लेक यायची त्याच रविवारी, तिच्यासमोर. नऊपैकी एक तरी धड जमली म्हणजे घर वाचलं.

पेटीला हात न लावता त्यांनी टेप घेऊन मापं आणली आणि पट्ट्यांचा कागदी नमुना कापला. पुस्तकात बघून प्रत्येक पट्टीवर सूर लिहिला आणि टेबलावर रोज दोन तास बोटं चालवली. आवाज अर्थातच नाही. शेजारच्यांना वाटे, काकू पीठ चाळताहेत.

रविवार आला. सभागृहात तीसेक माणसं. लेक तिसऱ्या रांगेत, हातात वही. काकूंनी मनातल्या मनात देवाला हाक मारली, भाता हलवला आणि सुरुवात केली.

पहिली ओळ सुरेख गेली. आजोबांनी डोळे मिटले. लेक सरसावून बसली. दुसऱ्या ओळीत सूर मधल्या 'सा'वरून एक पायरी खाली उतरायचा होता. काकूंचं बोट ऐटीत डावीकडे गेलं आणि गाणं धप्पकन तळघरात पडलं. आजोबांनी डोळे उघडले. काकूंनी ते गाणं कसंबसं वर ओढलं, पुन्हा खाली उतरायची वेळ आली आणि पुन्हा धप्प. गाणारे काही लोक भक्तिभावाने त्यांच्यामागोमाग तळघरात उतरले, आणि तिथे खोकू लागले.

काकू थांबल्या. पट्ट्यांकडे बघत बोटांनी मोजलं, आणि भर प्रार्थनेत कपाळावर हात मारून ओरडल्या, "अगं बाई! मी ही घडीवर कापली!"

कुणालाच कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सदऱ्याचा पुढचा भाग कापताना कागद दुमडतात, अर्धाच आखतात आणि कापून उघडतात. उजवी बाजू तीच डावी. छत्तीस वर्षांची सवय. पेटीही त्यांनी तशीच अर्धी आखून, दुमडून कापली होती, आणि उजवीकडचे सूर तसेच्या तसे डावीकडे उतरवले होते. त्यामुळे त्यांच्या पेटीत मधल्या 'सा'पासून उजवीकडे सूर चढत होते, आणि डावीकडेही चढतच होते. खालचा 'नी' खऱ्या पेटीत शेजारच्या घरात, काकूंच्या पेटीत सहा घरं लांब.

"म्हणजे तुम्ही पेटीचा सदरा शिवलात!" आजोबा म्हणाले, आणि सगळं सभागृह हसत सुटलं. काकूही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांना समोर बांधलेलं सामान दिसत होतं.

प्रार्थना संपल्यावर बाहेरच्या ओट्यावर चहा होता. लेक काही विचारणार, तेवढ्यात पोहायला शिकवणारी मुलगी तणतणत आली.

"म्हणून मंगळवारी दांडी मारलीत होय? साडेसातला फोन केला, उचलला नाही. आठला दारात उभी राहून दार बडवलं मी!"

"अगं, मी रियाज करत होते."

"कागदावर! ऐकू यायला काय होतं?"

"मंगळवारचं सोडा," सायकलवाला म्हणाला, "गुरुवारी मी दुकान उघडं टाकून गेलो. पुन्हा कुठे आपटल्या की काय म्हणून. तर ह्या खिडकीतून म्हणतात, आलेच."

ग्रंथपाल हळूच म्हणाले, "शुक्रवारी सहापर्यंत वाट बघतो मी. मग निघतो त्यांच्या घराच्या रस्त्याने. त्यांचा राजा अजून माझ्याकडेच आहे."

लेकीने वही उघडली. "आणि सोमवारी?"

"आता दर सोमवारी खऱ्या पेटीवर बसवणार मी त्यांना," आजोबा म्हणाले. "आल्या नाहीत तर काठी टेकत जाईन. वेळ लागेल, पण पोचेन. दहा तास नाही लागायचे."

लेकीने काही लिहिलं नाही. वही मिटली.

"आई, लिफ्ट एका तारेवर कधी टांगत नाहीत. मी चार मोजल्या. राहा तू इथे."

"पण मी सगळ्यात नापास झाले गं."

"नशीब माझं! एकदा पोहता आलं असतं तर ह्या ताईंनी तुझं नाव कधीच खोडलं असतं. अशीच ढ राहा."

काकूंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तोच हात बराच वेळ तिथेच ठेवला.

संध्याकाळच्या गाडीला त्या लेकीला सोडायला गेल्या. रिकामी खोली, नवा पडदा, आईला चढायला बरं म्हणून करून घेतलेला बुटका पलंग, हे सगळं लेक खिडकीतून हसत हसत सांगत होती. गाडी सुरू होताना काकूंना एकदम सुचलं.

"अगं, आणि तुझं दार कोण ठोठावतं?"

"मला पडायला वेळ कुठे आहे, आई!" लेक ओरडली, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. काकू फलाटावर तशाच उभ्या राहिल्या.

तर मंडळी, काकूंची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही. त्यांची आठवण ठेवायला चार माणसं आहेत. माझं मागणं आहे ते त्या लेकीसाठी. दुसऱ्यांच्या तारा मोजत फिरणारी ती पोर आज देवापुढे हात जोडाल तेव्हा एकदा मनात आणा.