शवपेटीजवळची जागा

"ती आईची मुलगी नाही. आईनं सांभाळलेली आहे," तूरोआ म्हणाला आणि खाली बसला.

मेरेआनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी जमिनीचं कोर्ट गावच्या सभाघराशेजारच्या जेवणघरात भरलं होतं. प्रश्न एकच होता: वारलेल्या हिनेराऊच्या नदीकाठच्या जमिनीत मेरेआनाचा वाटा आहे की नाही. ती जन्मली हिनेराऊच्या भाचीच्या पोटी, पण नाळ पडायच्या आत हिनेराऊनं तिला घरी आणलं. अशा लेकराला 'फांगाई' म्हणतात, आणि माओरींच्या गावात असं लेकरू नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. मेरेआनानं जन्मभर शाळेची बस चालवली आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं हगणं-मुतणं काढलं. सख्खा मुलगा तूरोआ तेव्हा ब्रिस्बेनला होता. नाताळला फोन करायचा, तेवढेच त्याचे उपकार.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, कायदा फांगाईला मानतो, पण वारसाहक्काबाबत इथल्या कुळाची रीत काय, ते कुळानंच सांगायचं. झालं! सगळं गाव मिठाची गुळणी धरून बसलं. थोरल्या मुलाशी वाकडं कोण घेणार? यांच्याच पोरांना मेरेआनानं चिखलापाण्यातून घरी पोचवलं होतं. एकेकाला धरून गदागदा हलवावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काहूआत्यांनी डोकं बाहेर काढलं. तूरोआच्या बापाची ही बहीण. गावचं कुठलंही कार्य असो, चुलीचा ताबा तिच्याकडे.

"बाई, मी बोलू का? हात पिठाचे आहेत माझे."

बाईंनी मान हलवली.

"हिनेराऊ गेली तेव्हा ही सवयीनं माझ्याकडे रताळी सोलायला आली. आमच्यात मयताच्या घरचं माणूस चुलीकडे फिरकत नाही, शवपेटीजवळ बसतं. हिला तिकडे न्यायला कोण आलं? हा आला. हिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाला, 'मेरे, तुझी जागा आईजवळ.' विचारा त्याला."

तूरोआचा चेहरा पडला. "दुःखात माणूस काहीही बोलतो, आत्या. त्याचा जमिनीशी काय संबंध?"

"दुःखात खरं बोललास, बाबा. आता शुद्धीवर आलास."

मग एकेका म्हाताऱ्याला कंठ फुटला. हो, बसली होती पेटीजवळ. हो, आम्ही तिचंच सांत्वन केलं. दुपारच्या आत बाईंनी निकाल दिला: मेरेआना हिनेराऊची मुलगी, वाटा भावाच्या बरोबरीचा.

लोक रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटायला आले. मेरेआना भेटली सगळ्यांना, पण राग काही उतरेना. आई कोण होती हे आता सरकारकडून ठरवून घ्यायचं? आणि तेही कोणामुळे, तर ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली होती त्याच्यामुळे!

जेवणं उरकली. ती आत जाऊन ताटं पुसायला लागली. थोड्या वेळानं तूरोआ दारात आला. बाह्या सरसावून त्यानं खुंटीवरचं फडकं घेतलं.

"दे इकडे. मी पुसतो."

मेरेआनानं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि परत खुंटीला लावलं.

"तू बाहेर बस," ती म्हणाली. "पाहुण्यांनी आत यायचं नसतं."

काहूआत्यांनी वर पाहिलं. मेरेआनानं पुढचं ताट उचललं.