इस्त्रीचा शर्ट

चारुदत्तच्या डोक्यात तिडीक गेली ती दह्यामुळे. व्हिसाचे वीस दिवस उरलेले, तेवढ्यात नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. सँडरिंगहॅम उपनगरातल्या विभावरीबाईंना मिठाईच्या दुकानात मॅनेजर हवा होता, आज ट्रायल होती, आणि मृदुलाने नवऱ्याच्या तळहातावर दहीसाखर ठेवली ती ठेवली, उरलेली चमचाभर आपल्या मावसभावालाही दिली! का, तर प्रसादही त्याच नोकरीला निघाला होता. हा प्रसाद म्हणजे टौरंगाला किवीफळं पॅक करून कंटाळलेला, कायम राहण्याची रेसिडन्सी खिशात असलेला आणि दोन महिने त्यांच्याच घरी फुकट जेवणारा. वर अंगात चारुदत्तचाच निळा, इस्त्रीचा शर्ट.

"मीच दिला," मृदुला म्हणाली. "त्याच्याकडे नुसते टीशर्ट आहेत."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! चारुदत्तने गाडीचं दार धाडकन आपटलं.

विभावरीबाईंनी दोघांना एकाच काउंटरमागे उभं केलं. "दिवाळीच्या हीप्स, ढीगभर ऑर्डरी आहेत. जो नीट सांभाळेल, तो माझा मॅनेजर."

चारुदत्तने पेढ्यांचा ट्रे उचलला. प्रसादने दुसरी कड धरली.

"भाऊजी, मी नेतो ना."

"सोड!"

प्रसादने खरंच सोडला. चारुदत्त ट्रेसकट मागे गेला तो गुलाबजामच्या पातेल्यावर आदळला. पाक फरशीवर, पेढे पाकात. सावरायला हाताला लागलं ते त्याने धरलं, ती नेमकी प्रसादची निळी कॉलर होती. दोघे घसरत थेट फ्रीजपर्यंत गेले. गिऱ्हाइकांनी मोबाइल काढले.

"स्वीट अ‍ॅज, भाऊजी! काही नाही झालं," प्रसाद हसत उठला.

ते हसणं चारुदत्तच्या काळजाला झोंबलं. "माझा शर्ट काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

प्रसादने गुमान बटणं सोडली, शर्ट घडी करून त्याच्या हातात दिला आणि बनियनवर अ‍ॅप्रन चढवून फरशी पुसायला घेतली. मग हात धुऊन रांगेतल्या आजींना लाडू बांधून दिले. चारुदत्त शर्ट छातीशी धरून अजून ओरडतच होता. दोन महिन्यांचं जेवण, दही, सगळं काढत होता.

"प्रसाद, सोमवारी नऊला ये," विभावरीबाई म्हणाल्या. "आणि जरा बरा शर्ट घालून ये."

घरी मृदुला दारातच उभी होती. "मिळाली?"

चारुदत्तने पाकाने चिकट झालेला शर्ट तिच्या हातात कोंबला.

"धुऊन इस्त्री करून ठेव. सोमवारी तुझ्या भावाला लागेल."