गाईंचा खुराक

घरात सतरा गाई होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात रोज काय जातं, हे सुनेला तोंडपाठ होतं. दूधसंघाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लसूण आणि ओव्याच्या अर्काची भुकटी खुराकात मिसळायला दिली होती. सून ती रोज सकाळी काट्यावर तोलायची, पेंडीत कालवायची आणि गाय सगळं खाईपर्यंत तिच्यासमोरून हलायची नाही. दोन महिन्यांत दुधाची फॅट वाढली, कासेची दुखणी कमी झाली. संघात सासऱ्यांचं कौतुक झालं.

त्या दुधाचा थेंबही सुनेच्या ओठाला लागत नव्हता. दूध संघाला जायचं. पुरुषांच्या चहापुरतं तेवढं बाजूला निघायचं. आधी पुरुष जेवायचे, मग सासू, आणि भांडी खरवडून जे निघेल ते सुनेचं, अशी घरची रीत होती. सून सात महिन्यांची गरोदर होती. अंगात रक्त नाही, हिला दूध, अंडी, पालेभाजी द्या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आम्हीही अशाच बाळंत झालो, आमचे कुणी चोचले पुरवले नाहीत, असं सासू म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली आणि विषय तिथेच मिटला. त्याच आठवड्यात एक गाभण गाय आटवली. तिची धार बंद करून तिला पोटातल्या वासरासाठी वेगळा खुराक सुरू झाला. तो सुनेनेच कालवला.

महिनाभराने एका सकाळी पेंडीचं घमेलं उचलताना सुनेला अंधारी आली आणि ती गव्हाणीवर कोसळली. अंगावरून रक्त जाऊ लागलं, ते दवाखान्यात पोचेपर्यंत थांबेना. ती कशीबशी वाचली. मुलगी मेलेलीच जन्मली.

डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "रोज काय खात होत्या ह्या?"

त्याला सांगता येईना. गाईंचं विचारलं असतं तर त्याने किलोवर सांगितलं असतं. शेवटी सासूच म्हणाली, "आमचं झाल्यावर उरेल ते."

"आणि काही उरलं नाही तर?"

सासूचीही पहिली दोन बाळं अशीच गेली होती, आणि नशीब म्हणून तिने ते तीस वर्षं गिळलं होतं.

तिसऱ्या दिवशी सुनेला दूध आलं. छाती दगडासारखी ठणकू लागली आणि प्यायला कुणी नव्हतं. सासू गार पाण्याच्या घड्या ठेवत बसली. दोघी एकमेकींकडे न बघता रडल्या.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी सासूने एकच ताट वाढलं, शेजारी दुधाचा पेला ठेवला आणि सुनेला बसवलं. सासरे हात धुऊन आले. उद्या संघाची माणसं गोठा बघायला येणार, दूध कमी भरता कामा नये, असं म्हणत त्यांनी आपलं ताट मागितलं.

"तिचं होऊ दे," सासू म्हणाली.

"ही कुठली नवी रीत?"

"जुन्या रीतीने या घरातली तीन पोरं खाल्ली. तिचं होईपर्यंत मी कुणाला वाढणार नाही."

सासरे उभेच राहिले. त्यांच्यामागे नवराही उभा राहिला. सुनेने पेला उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

"महिनाभर आधी दिलं असतंत, आई," ती म्हणाली.

त्या घरात वेळ निघून गेली होती. इतर कितीतरी घरांत अजून वेळ गेलेली नाही.